उजनीच्या पाण्यात सोनारचा पल्ला

पार्श्वदर्शी सोनार होडीच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमधून डाव्या आणि उजव्या अंगाला ध्वनीचे पातळ झोत सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून तळाचे चित्र ओळीओळीने रेखाटतो. त्यात प्रत्येक बाजूला किती अंतरापर्यंतचा प्रतिध्वनी ऐकायचा, याची चालकाने घातलेली मर्यादा म्हणजे पल्ला. समुद्रतळ पाहण्यासाठी जहाजामागून ओढले जाणारे असे यंत्र 1960 च्या दशकात बाजारात आले आणि लहान होड्यांना परवडेल अशा रूपात ते 2005 च्या सुमारास पोचले. पल्ला जितका मोठा तितका लाभ अधिक, असे नवख्या चालकाला वाटणे स्वाभाविक आहे; परंतु या यंत्राचे बहुतेक अपयश त्याच समजुतीतून येते.

ही समजूत कोठे फसते, ते बार्शीकडच्या पाण्यावरून पाहू. बार्शी तालुका पर्जन्यछायेत मोडतो. हिंगणी आणि जवळगाव हे तेथील मध्यम प्रकल्प. मोठे पाणी मात्र भीमा नदीवरील उजनी धरणाचेच, ज्यातून बार्शी उपसा सिंचन योजना पाणी घेते. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्याखाली जुन्या गावांचे वाडे, बांध, विहिरी आणि बाभळी गेल्या. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर वर येते, पण बाकीचे पुष्कळसे खालीच राहते. कटला, रोहू, चिलापी यांच्यासाठी लावलेले जाळे अशा एखाद्या भिंतीत किंवा खोडात अडकले की मासळीबरोबर जाळेही जाते. तेथील भोई आणि कोळी मच्छीमार ही ठिकाणे अनुभवाने ओळखतात, आणि त्यांच्या होड्यांवर असे यंत्र सहसा नसतेही. परंतु जेथे ते बसवायचे, तेथे त्याचे खरे काम मासा दाखवण्यापेक्षा अडथळा दाखवण्याचे आहे, आणि त्यासाठी पल्ल्याचे गणित समजून घ्यावे लागते.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. पल्ला 30 मीटर असेल तर ध्वनीला जाऊन परत येण्यास 0.04 सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 25 स्पंद सोडता येतात. 60 मीटरला ही संख्या निम्मी होते. ताशी पाच किलोमीटर वेगाच्या होडीत दोन स्पंदांमधील अंतर त्यामुळे साडेपाच सेंटिमीटरवरून अकरावर जाते. ही घट सोसण्याजोगी आहे. अधिक गंभीर आहे तो झोताचा फैलाव. एक अंश रुंदीचा झोत 30 मीटरवर अर्धा मीटर आणि 60 मीटरवर एक मीटर पसरतो, आणि मग बाभळीचे वीतभर जाडीचे खोड शेजारच्या दगडापासून वेगळे दिसतच नाही. त्यात पडद्यावर एका बाजूला पाचशे बिंदू असतील, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला सहाऐवजी बारा सेंटिमीटर तळ येतो. वारंवारता वाढवून, म्हणजे 455 ऐवजी 800 किंवा 1200 किलोहर्ट्झ वापरून, तपशील मिळवता येतो, पण तो ध्वनी पाण्यात लवकर विरतो, त्यामुळे मोठ्या पल्ल्याच्या कडेला पडद्यावर नुसता कोलाहल उरतो.

पल्ला फार आखडणेही तितकेच चुकीचे. पडद्याच्या मध्यभागी दिसणारा काळा पट्टा होडीखालच्या पाण्याचा असतो, आणि प्रत्येक बाजूला त्याची रुंदी खोलीएवढी असते. उजनी शंभर टक्के भरते तेव्हा पाणीपातळी 496.83 मीटर असते, तर उपयुक्त साठा शून्यावर आला की 491.03, त्यामुळे उन्हाळ्यात सहा मीटर खोल असलेली जागा पावसाळ्यानंतर जवळजवळ बारा मीटर होते. 15 मीटरच्या पल्ल्यात आधी तळाचा 13.7 मीटर भाग दिसत होता, तो आता नऊ मीटरवर येतो आणि पडद्याचा जवळपास चार पंचमांश भाग रित्या पाण्यानेच भरतो. यंत्र बिघडले असा समज येथेच होतो, वास्तविक बदललेली असते ती खोली.

ध्वनिछाया हा या चित्रातील सर्वात बोलका भाग आहे. तळावरील उंच वस्तूमागे ध्वनी पोचत नाही आणि तेथे काळी सावली पडते. सावलीची लांबी भागिले तिच्या टोकापर्यंतचे अंतर, गुणिले होडीखालची खोली, असे केले की वस्तूची उंची निघते. दहा मीटर खोलीत सावलीचे टोक 25 मीटरवर आणि लांबी पाच मीटर असेल तर अडथळा दोन मीटर उंच आहे. सावली पल्ल्याबाहेर गेली तर हा हिशेबच करता येत नाही, आणि मच्छीमाराला हवी असते ती नेमकी हीच संख्या, कारण जाळे अडथळ्याच्या वरून नेता येईल की नाही हे तीवरून ठरते.

म्हणून जाळ्याच्या कामाला खोलीच्या तीन ते पाच पट पल्ला योग्य मानावा. त्याहून अधिक ठेवल्यास उथळ पाण्यात दूरचा ध्वनी तळाला इतका तिरका लागतो की परत फारसे काही येत नाही. पहिली फेरी मोठ्या पल्ल्याने करून संशयित जागा खुणावाव्यात आणि दुसरी लहान पल्ल्याने, त्या जागेपासून थोडे अंतर राखून करावी, कारण होडीच्या थेट खालचा भाग पार्श्वदर्शी झोतांत अस्पष्टच येतो. खुणेच्या अक्षांश-रेखांशाशेजारी त्या दिवशीची धरणाची पाणीपातळीही वहीत लिहावी. जागा बदलत नाही, परंतु तिच्यावरचे पाणी दर महिन्याला बदलते, आणि मे महिन्यात जाळ्याला धोकादायक ठरलेली भिंत ऑक्टोबरात त्याच्या बरीच खाली असू शकते.