साकोलीची काळी बांधी

भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली, लाखनी मागे पडली, की साकोलीपर्यंत तळ्यांची सोबत सुटत नाही. पूर्वी कोहळी लोकांनी बांधलेली ही तळी, त्यांखाली धानाच्या बांध्या. इकडे भाताला धान म्हणतात आणि लावणीला रोवणी, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्याने आधीच शिकून घ्यावे.

मी गेलो तेव्हा श्रावण होता. आभाळ गच्च भरलेले, पावसाने मात्र हात आखडलेला. चार दिवसांत सूर्य दिसला नाही. उपग्रहांचीही नेमकी हीच पंचाईत. छायाचित्र काढणाऱ्याला उजेड हवा, आणि रोवणी तर ढगांच्या छताखाली चालायची! यावर उपाय म्हणून भारताने २६ एप्रिल २०१२ रोजी ‘रिसॅट-१’ सोडला. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली धाडी आणि त्यांचा पडसाद टिपी. ढग त्यांना अडवीत नाहीत, रात्रही नाही. तो थकल्यावर २०२२ साली ‘ईओएस-०४’ गेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’च्या लहरी तर २४ सेंटिमीटर लांबीच्या, त्या पानांच्या गर्दीत आणखी खोल शिरतात.

धान ओळखू येतो तो पाण्यामुळे. चिखलणी करून पाणी भरलेली बांधी म्हणजे आरसा. तिरप्या आलेल्या लहरी तिच्यावरून पलीकडे निसटतात, परत काही येत नाही. म्हणून चित्रात ती काळी. (वाऱ्याने पाणी हलले तर मात्र यंत्रही चकते.) पुढे फुटवे आले, की देठ आणि पाणी मिळून लहर माघारी धाडतात, रसरशीत पाने तीत भर घालतात, आणि काळी बांधी दिवसागणिक उजळत जाते.

हे सारे मी बांधावर उभे राहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ऐकवले. मास्तराची खोड, दुसरे काय! त्याने तळ्याच्या पाळीखालची हिरवीगार रांग दाखवली.

“ते आखाडातच काळी झाली असंन.” मग चढावरच्या आपल्या बांधीकडे बोट केले. कोरडी जमीन, कोपऱ्यात पिवळे पडू लागलेले पऱ्हे. “अन् हे?”

“ही अजून झाली नसेल.”

“म्हंजे वरच्याले ठाऊक हाये.”

दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र आहे, तिथे अशा चित्रांवरून जिल्ह्याजिल्ह्याच्या धानाचा हिशेब होतो, असे मी सांगितले.

“जिल्ह्याचा?” त्याने पऱ्ह्यांची एक जुडी उपटून मुळे पाहिली. “माह्या बांधीचा कोन करते, गुरुजी?”