माणसापासून तीन हात

व्यक्तिचित्रासाठी कोणत्या नाभीय अंतराचे भिंग घ्यावे, असे कोणी विचारले म्हणजे मी प्रथम त्यालाच विचारतो, की ज्याचे चित्र काढावयाचे त्या माणसापासून किती हातांवर बसण्याची तुम्हांस मुभा आहे? कारण नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर असते. ७० सेंटिमीटरांवरून पाहिले तर तेवढ्यामुळे नाक कानाच्या मानाने सहाव्या हिश्शाने मोठे होऊन पुढे येते, आणि तोच चेहरा पावणेदोन मीटरांवरून पाहिला तर हा फरक पंधराव्या हिश्शावर येतो. चेहऱ्याची ठेवण चित्रात कशी उतरेल हे अशा रीतीने छायाचित्रकाराच्या जागेवरून ठरते. भिंगाकडे राहते ते त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्यातले किती घ्यावयाचे एवढेच काम. मस्तकापासून छातीपर्यंतचे चित्र चौकटीत भरण्यासाठी ३५ मिलिमीटरवाला ७० सेंटिमीटरांपर्यंत पुढे सरकतो, ५० वाला मीटरभरावर थांबतो आणि ९० वाला पावणेदोन मीटरांवर राहतो. म्हणजे भिंग निवडताना आपण त्या माणसाशी किती सलगी करणार, याचा करार आगाऊच लिहून देत असतो.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत वावरलेल्या माणसाला या कराराची कलमे समजावून द्यावी लागत नाहीत. ओसरीवर आलेला परका मनुष्य झोपाळ्यावरील वडीलधाऱ्या गृहस्थांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत नाही, आणि चौकाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहूनही बोलत नाही. तो तीन हातांवरच्या सतरंजीवर बसतो, जेथून आवाज न चढविता बोलता येते आणि समोरच्याच्या डोळ्यांतली हालचालही दिसते. तीन हात म्हणजे सव्वा ते दीड मीटर. एवढ्यावरून ५० च्या भिंगाने उभी चौकट धरली, तर टोपीपासून मांडीवर विसावलेल्या हातांपर्यंतचा सारा मनुष्य तीत सुखाने मावतो. आणि ते हात चित्रात आलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे; ज्याने पन्नास वर्षे दप्तरात लेखणी चालविली किंवा जिने तेवढीच वर्षे जात्याचा खुंटा धरला, त्या माणसाचे अर्धे चरित्र बोटांच्या पेरांत असते. लाइट्झ कंपनीने १९३५ मध्ये थंबार नावाचे ९० मिलिमीटरचे एक भिंग खास व्यक्तिचित्रांसाठी काढले होते. प्रकाशाला मुद्दाम पसरू देऊन ते मुद्रेवर एक तलम तेजोवलय आणते, सुरकुत्या पुसट करते. त्याचे सौंदर्य मला मान्य आहे. परंतु आयुष्यभराच्या श्रमाने कमावलेल्या सुरकुत्या नाहीशा करण्याचा अधिकार मी भिंगाला देणार नाही.

या ५० ची परंपरा जेथून सुरू झाली, तो धागा पुण्याच्या एका जुन्या वैभवाशीही जुळतो. ऑस्कर बर्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर जो लहानसा कॅमेरा घडविला, त्यात चलच्चित्रपटाचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घातली आणि १८ बाय २४ ची सिनेमाची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ ची केली. तिचा कर्ण ४३ मिलिमीटरांच्या किंचित वर भरतो आणि त्याच्याच आसपासचे ५० मिलिमीटरचे भिंग लावून लायका १९२५ मध्ये बाजारात आला. तीच फीत १९३३ पासून पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत, उभी धावत होती. त्याच आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थी स्थिरचित्रणाकडे वळतो तेव्हा त्याने ध्यानात ठेवावे, की सिनेमाच्या लहान चौकटीत ५० चे भिंग जेवढे अरुंद पाहते, तेवढे पाहण्यास येथे सुमारे ७५ चे लागेल.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याची प्रकृतीच वेगळी. त्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. शेजारच्या एका स्वच्छ खिडकीतून पाहतो, आणि मध्यभागी दिसणाऱ्या दोन प्रतिमा भिंगाचे कडे फिरवून एकजीव झाल्या की अंतर जुळले असे समजतो. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये ५०, ९० आणि १३५ यांच्या उजळ चौकटी या खिडकीत दिसण्याची तजवीज झाली. ३५ ची चौकट पुढे एम-२ मध्ये आली. चौकटीबाहेरचे जगही दिसत राहते, आत येऊ पाहणारे नातवंड आधीच कळते, हा या यंत्राचा मोठा गुण मला वाटतो. पण भिंग जसे लांब व्हावे तशी चौकट आक्रसते, आणि १३५ पाशी ती इतकी लहान होते की मुद्रेवरचा भाव हेरणे दुष्कर होऊन जाते. त्यातच लांब भिंगाला अंतराची किंचितही कसूर खपत नाही. सबब १३५ मी या कॅमेऱ्यास वर्ज्य मानतो.

९० ची गोष्ट निराळी, आणि तिचे मोल मला रमणबागेच्या मैदानावर उमगले. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव तेथे दीर्घकाळ भरत असे, आणि डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून बसलेल्या श्रोत्यांत छायाचित्रकाराला पुढे सरकण्याची मुभा नसे, ती असूही नये. अकरा हातांवरून, म्हणजे पाच मीटरांवरून, ५० च्या आडव्या चौकटीत साडेतीन मीटरांहून अधिक रुंदीचे व्यासपीठ येते, तबला-पेटीसह सारी बैठक येते. ९० च्या चौकटीत नेमके दोन मीटर येतात, मध्ये गायक आणि पाठीशी दोन तंबोऱ्यांच्या खुंट्या. भीमसेनजींचे गाणे केवळ कंठातून येत नसे. तान जेथून निघाली तेथून जणू हाताने ओढून आणल्याप्रमाणे त्यांचा खांदा, कोपर, पंजा सारे तिच्यामागे जात, आणि समेवर येताना ती सारी देहयात्रा मुद्रेवर येऊन थांबे. त्या दोन मीटरांत उघडलेला पंजाही येई आणि मिटलेले डोळेही. शिवाय या कॅमेऱ्यात वर उसळणारा आरसा नाही. कापडी शटरचा निसटता आवाज विलंबित ख्यालातल्या शांततेलाही धक्का लावीत नाही, आणि मैफलीत हे सौजन्य चित्राच्या गुणवत्तेइतकेच मोलाचे आहे.

३५ चे भिंग मी आषाढीच्या वाटेसाठी राखून ठेवतो. तुकोबांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा त्या गर्दीत तीन हात कोणालाच मिळत नाहीत. वारकरी तुम्हांला आपल्यात ओढून घेतो, आणि त्याच्या चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरांवर उभे राहण्याचा परवाना त्यानेच दिलेला असतो. तेथे नाक किंचित मोठे आले तरी ते त्या जवळिकीची खरी साक्ष देते.

१९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या अंत्ययात्रेची चित्रे टिपणाऱ्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक आयुष्य ५० च्या भिंगावर काढले. ज्या तरुणाचा खिसा बेताचा आहे, त्याने जुना रशियन झोर्की आणि त्यावरचे ५० चे ज्युपिटर-८ घेऊन आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांपासून आरंभ करावा. गाण्याच्या बैठकींना जाण्याचा शिरस्ता असेल तर पैसे साठवून पुढे ८५ किंवा ९० चे पाहावे, आणि ३५ चा विचार पुढच्या आषाढापर्यंत लांबणीवर टाकण्यास हरकत नाही.