विकतचा दम

आमच्या अंतरवाली सराटीत विनाकारण कोणी पळत नाही. एक तर बैल सुटलेला असतो, नाही तर एसटी सुटत असते. २०२३ साली उपोषणामुळे गावाचे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आले. परंतु सुट्टीत पहाटे बांधावरून पळणारा मराठीचा प्राध्यापक अजून कोणाच्या पचनी पडलेला नाही. "मास्तर, मागं कोण लागलंय?" हा प्रश्न ठरलेला.

मागे लागले आहे ते वय. वडील गेले तेव्हा ४८ वर्षांचे होते. मला ४७ वे चालू आहे.

यंदा उन्हाळ्यात लेहला गेलो. गाव पाचशे मीटरांच्या आसपास, लेह ३,५०० वर. "तिथं हवेत प्राणवायू कमी," असे ज्ञान मी पाजळताच अकरावीतल्या मुलीने मला थांबवले. प्रमाण सगळीकडे २१ टक्केच; कमी होतो तो हवेचा दाब, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूचा वाटा दोन-तृतीयांशच पडतो. शरीर तांबड्या पेशी वाढवून तूट भरून काढते, पण त्याला काही आठवडे लागतात. मग मीही तिला ऐकवले, की १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २,२४० मीटरांवर रॉन क्लार्कसारखा विक्रमवीर दहा हजार मीटर पळून कोसळला होता. मला सगळे पाठ होते. पाळायचे तेवढे सुचले नाही.

पहिले दोन दिवस स्वस्थ पडायचे, असे तिथे सगळेच बजावतात. दुसऱ्याच पहाटे मी बूट चढवले. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला राहिला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमहून स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. तेव्हा मराठवाड्याच्या मातीतच काही तरी असणार, हा माझा तर्क! तो चारशे पावले टिकला. मग डोक्यात घण बसू लागले, श्वास पुरेना. रस्त्याकडेच्या झाडाखाली मटकन बसलो आणि पहिली आठवण झाली ती ४८ या आकड्याची.

मुलगी मागून आली होती. मला पत्ताच नव्हता. काही न बोलता तिने मनगट धरले आणि नाडी मोजू लागली. मोजताना चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. तिची बोटे कापत होती.

"आईला सांगू नकोस."

"सांगणार," ती म्हणाली.

तिने सांगितले. हिने बूट बॅगेत घालून वर कुलूप लावले, ते पाचव्या दिवशी उघडले. तेव्हा मी मुलीच्या मागून, तिच्या चालीने, जेमतेम पळालो.

परतल्यावर गावी आईला सगळे वर्णन करून सांगितले, ते झाड तेवढे वगळून.

"दम लागायला एवढं पैसं घालून गेला व्हय?" ती म्हणाली. मग भाकरी उलटता उलटता, वर न पाहता म्हणाली,

"पोरगी व्हती ना संगं?"