दारातल्या चपला

दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायची रीत आहे. माझी तपासणी तिथूनच सुरू होते. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असणं साहजिक. आतली झिजली असेल तर पाय आत कलतोय. एकाच चपलेचं टोक घासलेलं असेल तर तो पाय फरपटतोय. आणि कुणी म्हणालं, "चप्पल पायातून कवा निसटली, समजलंच नाही जी," तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी रक्तातली साखर नि तळव्याची संवेदना बघायची.

*

म्हातारी माणसं पायाला हात लावू देत नाहीत. "नका जी, तुम्ही डॉक्टर माणूस," म्हणत पाय ओढून घेतात. एका काकूंनी तपासणी झाल्यावर माझेच हात धरून आपल्या कपाळाला लावले. पण पाय हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मी बुटकं स्टूल ओढून खाली बसतो नि टाच मांडीवर घेतो. मग नाडी दोन ठिकाणी: पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे. काही धडधाकट माणसांत पाठीवरची लागतच नाही, म्हणून घोट्यामागची सोडायची नाही. शेवटी बोटांच्या बेचक्या. चिखल्या तिथेच लपतात.

*

नागपुरातली किराणा ओळ, मस्कासाथ. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं नि रिकामं उतरायचं, दिवसभर. अशा हमालाला नुसतं झोपवून तपासलं तर निम्मा आजार दिसतच नाही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर, पाठ माझ्याकडे, दोन्ही पाय उघडे. मग भिंतीला बोटं टेकवून एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगतो. टाच वर उचलताना ती आत वळली पाहिजे. वळत नसेल, किंवा उचलताच येत नसेल, तर पायाची कमान धरून ठेवणारी आतली शीर थकली आहे. मागून पाहिलं तर त्या बाजूला टाचेबाहेर करंगळीकडची बोटं जास्त डोकावतात. कमान पुरती बसायच्या आत हे दिसलं, तर बुटात आधार घालून नि काही आठवडे वजन कमी करून पुष्कळ फरक पडतो. वजन कमी करायचं म्हणजे मजुरी बुडवायची. ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगावंच लागतं.

*

सुरुवातीच्या वर्षांतली चूक अजून सलते. बॅडमिंटन खेळताना मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं म्हणत एक तरुण आला. पलंगावर उताणा होता. पाय खाली दाबता येत होता, म्हणून मी मुरगळल्याचं सांगून पट्टी बांधली. टाचेची मोठी शीर तुटली तरी बाजूच्या शिरा पाऊल थोडं खाली नेतात, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी आठवलं नाही. पालथं झोपवून पोटरी दाबायची नि पाऊल हलतं का पाहायचं, एवढंच करायचं होतं. आता घोटा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पालथं करतो.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळीची मिरवणूक १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. त्या गर्दीत पाय तुडवले जातात, घोटे मुरगळतात. सगळ्यांनाच एक्स-रे हवा असतो. कॅनडातल्या ओटावात इयन स्टील यांनी १९९२ साली मांडलेला नियम तेव्हा कामी येतो. दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबायची. मग करंगळीच्या लांब हाडाचा बुंधा नि कमानीच्या माथ्यावरचं आतलं हाड. कुठेच कळ नाही, पडल्यावर चार पावलं टाकली नि आत्ताही टाकता येतात, तर एक्स-रे लागत नाही. सूज कितीही असो. मजुराचे पैसे वाचतात, याचं मला फार समाधान आहे.

*

पण हा नियम दुखण्यावर उभा आहे. ज्याला दुखतच नाही त्याचं काय?

पन्नाशीचे एक काकाजी चालत आले. डावं पाऊल सुजलेलं, लालसर. "दुखत नाही ना बाप्पा, म्हणून काम करूनच राह्यलो." हाताची पालथी बाजू आधी उजव्या पावलावर ठेवली, मग डाव्यावर. डावं तापलेलं. जखम नाही, ताप नाही, साखरेचा आजार मात्र बारा वर्षांचा. अशा पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्यांच्यावरूनच चालत असतो. त्या क्षणापासून पाय जमिनीला टेकवू दिला नाही. खुर्चीसकट उचलून ऑटोत बसवलं आणि मेयो रुग्णालयात पाठवलं.

*

न दुखणाऱ्या पायाशी विदर्भाची जुनी ओळख आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्र्यांची मालिश गांधीजी स्वतः करत. पुढे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप सडून गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमा होत राहतात. कुष्ठरोगाच्या कामातले कार्यकर्ते आजही साध्या बॉलपेनचं टोक तळव्याला लावून संवेदना तपासतात.

मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसवर जातो. भर दुपारी देवळात अनवाणी गेलेल्या मधुमेही बायका तळव्याला फोड घेऊन येतात, आणि फोड आलाय हे त्यांना घरी लादीवर ओले ठसे दिसल्यावर कळलेलं असतं.

*

काकाजी प्लास्टरमधून मोकळे झाले तेव्हा त्यांच्या घरच्या काकूंना सहा स्पर्श शिकवले. काकाजींनी डोळे मिटायचे. काकूंनी बोटाचं पेर दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला अलगद टेकवायचं, दाबायचं नाही, घासायचं नाही. कळलं की त्यांनी "उजवा", "डावा" म्हणायचं. दोन चुकले तरी संवेदना गेली असं धरायचं.

काकूंनी पदराला हात पुसले नि खाली बसल्या. उजवा. उजवा. उजवा. मग डाव्या अंगठ्याला बोट टेकवलं आणि थांबल्या. काकाजी डोळे मिटून वाट पाहत होते. "लाव ना," म्हणाले.