घरची वांटणी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकूं येते. तिच्यांत शहाणपण आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु घर ज्याच्या ताब्यांत असतें त्याच्याच तोंडीं ती बहुधा असते, आणि ऐकावी लागते ती बहिणीला, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. तडजोड म्हणजे काय, तर तिनें हक्कसोडपत्रावर सही करावी, साडीचोळी घ्यावी, आणि माहेरचें दार आपणांस उघडें राहिलें यांतच समाधान मानून परत जावें!

आमच्या आत्यानें १९६१ सालीं, आजोबा गेल्यावर, हेंच केलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें आजोबांच्या हिश्शांत तिला भाग होता. तें तिला कोणीं सांगितलें नाहीं, आणि तिनें विचारलेंही नाहीं.

आमचे वडील २०१९ सालीं वारले. सदाशिव पेठेंतील वडिलोपार्जित वाडा, तळेगांवची एक जागा आणि बँकेंतील ठेवी, एवढें मागें राहिलें. आई आधींच गेली होती. अण्णा, ताई आणि आम्ही अशीं तीन भावंडें. ताईचें लग्न १९८८ चें. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क दिला खरा, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळून. त्यामुळें ताईचा प्रश्न उरलाच नाहीं असें घरांत सर्वांनीं धरून चाललें होतें. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें ही वगळणी पुसली गेली, ही गोष्ट ताईला तिच्या सुनेनें वाचून दाखविली. उलट अण्णांचें म्हणणें असें कीं १९९८ सालींच बाबांनीं तोंडी वांटणी करून ठेविली होती. दोन्हीकडे वकिलांच्या नोटिसांचे मसुदे तयार झाले.

अशा वेळीं मध्यस्थ कोणास करावें? मामा ताईच्या बाजूचे आणि काका अण्णांच्या, अशी विभागणी आपल्याकडे वाद उद्भवण्यापूर्वींच झालेली असते. शेवटीं २०२१ सालीं आतोबांना गळ घातली. ते दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्यांशी. पहिल्याच बैठकींत ते म्हणाले, "तडजोड मागाहून. आधीं कोर्टांत गेलांत तर कोणाला काय मिळेल, तें तिघेंही ऐका." आमच्या मतें साऱ्या मध्यस्थीचें मर्म या एका वाक्यांत होतें. २० डिसेंबर २००४ पूर्वींची वांटणी टिकावयाची तर ती नोंदलेल्या दस्तानें किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानें झालेली हवी. तोंडी वांटणी केवळ अपवाद म्हणूनच मानावी असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें आहे. तेव्हां तिघांचे हिस्से सारखे.

अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाबांचें आजारपण बारा वर्षें मी आणि हिनें काढलें. तें कोणत्या कलमांत बसतें?"

खरोखरच कोठें बसत नाहीं. ताई म्हणाली, "त्याचा आकडा तूंच सांग अण्णा, मी माझ्यांतून वजा करतें. पण हिशेब लिहून व्हावा. साडी नको."

आत्या कोपऱ्यांत वाती वळीत बसली होती. ती कोणाकडेही न पाहतां म्हणाली, "माझी अंजिरी होती. पुष्कळ दिवस टिकली."

त्यानंतर काम झपाट्यानें झालें. वाडा अण्णांकडे, तळेगांवची जागा ताईस, ठेवी आम्हांस. उरलेला फरक अण्णांनीं ताईला पांच वर्षांत हप्त्यांनीं द्यावा. मिळकतीला दोन बैठका पुरल्या. आईच्या देव्हाऱ्यांतील अन्नपूर्णेला मात्र तीन लागल्या! ती अखेर ताईकडे नाशिकास गेली.

घरच्या माणसांत कागद कशाला, हें आतोबांनीं ऐकूनच घेतलें नाहीं. कुटुंबांतील तडजोड तोंडीही होऊं शकते. पण स्थावरावरील हक्क ज्या कागदानेंच द्यावयाचा तो १९०८ च्या कायद्याप्रमाणें नोंदवावाच लागतो. ज्यांच्या घरीं असे आतोबा नाहींत त्यांनीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. दावा लावण्यापूर्वींही वाद लोकन्यायालयापुढें ठेवतां येतो, आणि तेथील निवाड्यास १९८७ च्या कायद्यानें हुकूमनाम्याचें बळ असून त्यावर अपील नाहीं. हें सर्व अर्थात् वांटणीपुरतें. जेथें सुनेला मारहाण होते तेथें तिला समजुतीच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयीं आम्हांस मुळींच आदर वाटत नाहीं. तिच्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

नोंदणीच्या दिवशीं आत्या हट्टानें बरोबर आली. तिची सही कोठेंच लागणार नव्हती. तिनें ताईच्या शेजारीं बसून सबंध दस्त आतोबांकडून मोठ्यानें वाचवून घेतला, दोन ठिकाणीं त्यांना थांबवून अर्थ विचारला, आणि मगच ताईच्या हातीं पेन दिलें.