किक कुठे गेली?

जुन्या होंडा सिटी व्हीटेकच्या मालकाशी पाच मिनिटं बोला, ‘किक’चा विषय निघतोच. 2000 साली भारतात आलेल्या या गाडीचं 1,493 सीसीचं इंजिन 106 हॉर्सपॉवरचं होतं. 2003 मध्ये तिच्या जागी आलेल्या सिटीचं आय-डीएसआय इंजिन जवळपास तेवढंच मोठं, पण ताकद 77. जुनीचा मान तेव्हापासून जो वाढला, तो आजही टिकून आहे. माझ्या मामेभावाकडे 2002 ची आहे. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणी वाढवून, पर्यावरण कर भरून त्यानं ती ठेवली. दारात नवी गाडीही आहे, पण ती घरच्यांची, ही त्याची.

आरपीएमचा काटा पाच हजारांच्या पुढे गेला की हिचा आवाज फाटतो आणि पाठीत धपका बसावा तशी ती सुटते. हीच किक. मामेभावाला ती आणखी जोरात हवी होती आणि त्यासाठी त्यानं जपानच्या अ‍ॅपेक्सी कंपनीचा व्ही-एएफसी हा जुना कंट्रोलर कुणाकडून तरी मिळवला होता. हाताच्या पंजात मावणारा डबा, त्यावर निळसर अक्षरांचा छोटा पडदा आणि मागून लोंबणाऱ्या वायरींचा जुडगा.

पुण्यातला ज्याच्याकडे आम्ही गेलो तो मिस्त्री मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात हात तयार झालेला. डबा उलटसुलट करून बघत त्यानं विचारलं, “किक पायजे म्हणजे नक्की काय पायजे, भावा? गाडी पळायला पायजे का पळाल्यागत वाटायला?” मामेभाऊ म्हणाला, “दोन्ही.” मिस्त्री हसला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

होंडाच्या इकुओ काजितानी यांच्या चमूनं बांधलेली व्हीटेक यंत्रणा 1989 मध्ये इंटेग्रा गाडीतून बाजारात आली. त्या 1.6 लिटरच्या इंजिनातून 160 हॉर्सपॉवर निघत होती, म्हणजे टर्बो न लावता लिटरमागे शंभर. युक्ती कॅमशाफ्टवर आहे. व्हॉल्व्ह थोडा उघडणारे उंचवटे संथ चालीसाठी, आणि त्यांच्या मधोमध जास्त उंच, जास्त वेळ उघडा ठेवणारा तिसरा. ठरावीक वेगाला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, सोलेनॉइड या विजेवर चालणाऱ्या झडपेला इशारा देतो, ऑइलचा दाब आतल्या पिना सरकवतो, शेजारचे रॉकर एकमेकांत अडकतात आणि सगळे मोठ्या उंचवट्याच्या तालावर नाचू लागतात. सिटीत हे फक्त इनटेकच्या बाजूला होतं. हा इशारा कधी द्यायचा, ते कंपनीनं ईसीएममध्ये पक्कं करून ठेवलेलं असतं. कंट्रोलर तो इशारा मधल्यामध्ये पकडतो आणि आपल्या वेळेनं पुढे सोडतो.

मिस्त्रीनं मात्र डब्याला लगेच हात लावला नाही. आधी ऑइलची डिपस्टिक काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. सगळा खेळ ऑइलच्या दाबावर, तेव्हा ते कमी असेल तर मोठा कॅम लागणारच नाही, मग कंट्रोलरला दोष देत बसायचं. मग त्यानं सोलेनॉइड उतरवला. त्याखालच्या गॅस्केटला बारीक जाळी असते, ती काळ्या चिखलानं अर्धी बुजलेली. इंजिन रात्रभर थंड ठेवून त्यानं टॅपेट सेट केले, फीलर गेजनं इनटेकला 0.2 मिलिमीटरच्या आसपास, एक्झॉस्टला 0.25. एवढ्यावरच गाडी इतकी मोकळी पळू लागली की माझ्या मते डबा परत खोक्यात ठेवायला हरकत नव्हती. तसं मी बोललोही. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वायरिंगचं काम मामेभावाला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच किचकट निघालं. ईसीएमकडे जाणाऱ्या वायरींपैकी काहींवर नुसता जोड द्यायचा: आरपीएम, थ्रॉटल, करंट, अर्थ. दोन मात्र कापाव्या लागतात. एक सोलेनॉइडची आणि दुसरी मॅप सेन्सरची, म्हणजे इनटेकमधला दाब मोजून इंजिनावरचा भार सांगणाऱ्या सेन्सरची. बाजारात मिळणाऱ्या चिमटा-जोडण्या मिस्त्रीनं बाजूला सारल्या, प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली आणि मध्ये एक प्लग टाकला. तो बदलला की गाडी पुन्हा कंपनीनं दिली तशी.

आणखी एक वायर असते, तिच्याकडे बरेच जण काणाडोळा करतात. सोलेनॉइडजवळ ऑइलचा दाब कळवणारा एक स्विच असतो. मी इशारा दिलाच नाही, मग दाब कसा आला, असं ईसीएमला दिसलं की तो चेक इंजिनचा दिवा लावतो. होंडाच्या कोष्टकात तो 22 नंबरचा दोष. ती वायर डब्यातून फिरवली की स्विचचं खरं उत्तर ईसीएमपर्यंत पोचत नाही, त्याला हवं असलेलं पोचतं.

खरी गंमत डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर आली. गाडी पट्ट्यांनी बांधून पुढची चाकं रोलरवर चढवली. पहिल्या रनला मोठा कॅम लागूच दिला नाही, लहान कॅमवरच लाल रेषेपर्यंत ओढली. दुसऱ्या रनला मोठा कॅम तीन हजारांपासूनच लावून ठेवला. दोन्हींच्या टॉर्कच्या रेघा एकावर एक ठेवल्या आणि मामेभाऊ स्क्रीनला नाक लावून उभा राहिला. खाली लहान कॅम वरचढ, वर मोठा. दोन्ही रेघा साडेचार हजारांच्या जरा पुढे एकमेकींना छेदत होत्या. कंपनीची वेळ याच्या बरीच नंतरची. म्हणजे मधल्या पट्ट्यात लहान कॅमची दमछाक झालेली आणि मोठा अजून यायचा, असा टॉर्कमध्ये चक्क खड्डा होता. किक होती ती या खड्ड्यातून वर येण्याची.

मिस्त्रीनं बदलाची वेळ त्या छेदावर आणली. परतीची वेळ दोनशे आरपीएम खाली ठेवली, नाहीतर घाटात काटा नेमका तिथेच रेंगाळला तर कॅम लाग-सूट करत बसतो.

मग पेट्रोल. कॅम लवकर लागला की हवा जास्त जाते, पण ईसीएम अजून लहान कॅमच्याच हिशोबानं इंधन देत असतो. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला वजनी एकास 14.7 हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीएम स्वतःच फरक भरून काढतो. पाय पूर्ण दाबला की तो सेन्सरकडे बघणं सोडून जुन्या पाठांतरावर चालतो आणि तिथे मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रणावर पूर्ण भार म्हणजे नॉकिंग आणि तापलेले व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर बसवून मिस्त्रीनं लॅम्बडा, म्हणजे मिश्रण आदर्शापेक्षा किती पातळ-दाट ते सांगणारा आकडा (1 म्हणजे आदर्श, कमी म्हणजे दाट), 0.88 च्या आसपास येईपर्यंत दोन्ही कॅमचे आकडे वेगवेगळे चढवले. डबा हे करतो मॅप सेन्सरचा निरोप फुगवून, आणि भार जास्त दिसला की ईसीएम स्पार्कही थोडा मागे घेतो. उलट इंधन कमी करायला गेलात तर स्पार्क पुढे सरकतो. म्हणून पेट्रोल वाचवायला हा डबा लावणाऱ्यांपासून मिस्त्री चार हात लांब राहतो.

शेवटच्या रनला वरची ताकद दोन-तीन हॉर्सपॉवरनंच वाढली होती. मधला खड्डा मात्र बुजला होता. रात्री कात्रजच्या चढावर मामेभावानं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आवाज बदलला, गाडी सरळ चढत गेली, धपका नाही. दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रीकडे तक्रार घेऊन हजर. “उस्ताद, किक गेली.” “गेली न्हाई, आधीपास्नं वाटून दिली,” मिस्त्री म्हणाला.

कायद्याचं सांगायला हवं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ कडकपणे लावला: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. डब्यात आकडे चढवलेत ते पूर्ण भारावरचे आणि पीयूसीचं यंत्र गाडी उभी असताना मोजतं, त्यामुळे ते तिथे दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून नियम लागू होत नाही, असं नव्हे. मी हे मामेभावाला ऐकवलं. त्यानं प्लगकडे बोट दाखवलं.

डब्याच्या मेनूत बदलाची वेळ कशी सरकवायची, हे त्यानं मिस्त्रीकडून शिकून घेतलं आहे. मित्र गाडीत असले की तो ती साडेपाच हजारांवर नेतो, धपका परत येतो, मागच्या सीटवरून आरडाओरडा होतो. तेवढ्यापुरती गाडी हळू पळते, हे त्यालाही माहीत आहे. मिस्त्रीनं त्याला तेवढीच मुभा दिली आहे. इंधनाच्या आकड्यांना हात लावला तर पुन्हा बॉनेट उघडणार नाही, असं बजावून.