गम आणि घाम

पावसाळी वीकेंड, माथेरान, हातात चहा. ताईची चार वर्षांची लेक एकदम गप्प! क्राफ्टच्या पांढऱ्या गमची बाटली चक्क तिच्या तोंडात. मला घाम. इथे गाड्यांना बंदी, आमची कार दस्तुरी नाक्यावर. ताई ओरडली, ‘मिठाचं पाणी दे, ओकू दे!’ मी डॉक्टरांना फोन लावला. ‘उलटी अजिबात नको. तोंड पुसा, चूळ भरायला सांगा, दोन घोट पाणी द्या. बाटलीवरचं वाचा.’ पाण्यात विरघळणारा साधा गम थोडासा गिळला, तर बहुधा काही होत नाही. इन्स्टंट ग्लू किंवा सॉल्व्हंटवाला गम असेल, तर मात्र लगेच डॉक्टर. एम्स, दिल्लीचं पॉयझन सेंटर : १८०० ११६ ११७. गुंगी, श्वासाला त्रास? थेट १०८. तासाभराने बाईसाहेबांचा प्रश्न, ‘मावशी, आता माझं पोट चिकटणार?’ पुढच्या ट्रिपला फक्त खडू!